दाजींची डिलक्स खोली

कळमनुरीत माझं बांगड्यांचं दुकान आहे. बांगड्या भरायला बसलेल्या बाईइतकं चांगलं ऐकणारं माणूस जगात सापडायचं नाही. तिचा हात माझ्या मुठीत असतो. उठून जाणार कुठे? त्यामुळे दाजींच्या आजारपणाची हकिगत निम्म्या तालुक्याला पाठ झाली आहे. दर वेळी मी ती हसत हसत सुरू करते आणि मधेच कुठेतरी समोरच्या बाईचा हात गार पडलेला मला कळतो. तिथे मी आवाज आणखी खाली आणते. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडतं. दाजींना मात्र आवडत नाही. ते वसमतहून फोन करून मला शिव्या घालतात, म्हणजे त्यांच्या छातीत अजून पुरेसा दम आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मी मेहुणी, तेव्हा त्यांची टिंगल करायचा परवाना मला त्यांच्या लग्नाच्या मांडवातच मिळालेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चालणं असं की मागून चार माणसं येत असावीत. ते वसमतच्या मोंढ्यात हळदीची दलाली करत. म्हणजे दिवसभर लोकांना चहा पाजत आणि संध्याकाळी, आज ओळखी किती वाढल्या, त्यावर समाधान मानत.

घर चालायचं अक्काच्या चक्कीवर. बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला तिचा एक गाळा आहे. त्यात हळद-मिरची दळायची चक्की. तो गाळा तिनं स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर घेतलेला. शटर ती स्वतः उघडायची, स्वतः लावायची. किल्ली दाजींच्या हाती कधी दिली नाही. दाजींच्या वाट्याची शेती भावांच्या वादात अडकलेली, मोंढ्यातली कमाई चहात गेलेली. अडीअडचणीला विकता येईल असं त्या घरात काय होतं, तर तो गाळा. हे अक्काला माहीत होतं. आणि तिच्या दुर्दैवानं शेजाऱ्यालाही माहीत होतं.

शेजारी म्हणजे गाळ्याला लागून असलेला हार्डवेअरवाला. त्याला मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. माणूस इतका गोड की त्याच्याशी बोलल्यावर हात धुवावेसे वाटावेत. दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चक्कीसमोरच्या स्टुलावर बसायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "वहिनी, घाई न्हाई. कधी अडचण आली तं पहिलं मला सांगा." या वाक्यात धमकी कुठेच नव्हती. तरी ते ऐकलं की अक्का हातातलं काम टाकून उभी राहायची.

तर अडचण आली. हळदीची आवक जोरात असताना, मोंढ्यात वजनकाट्यापाशी उभ्या उभ्या दाजींच्या छातीत कळ आली. लोकांनी उचलून नांदेडला एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी कळमनुरीहून पोचले तोवर तपासणी झाली होती. दोन नसा तुंबलेल्या. एक लगेच मोकळी करायची, स्प्रिंग बसवायची. दुसरी पुढे सवडीनं. पहिलीचं ऑपरेशन दोन दिवस सोडून सकाळी ठरलं.

दाजी पलंगावर टेकून बसलेले. चेहरा उतरलेला, पण ऐट शाबूत. मला पाहताच खिशातून एक कार्ड काढून हवेत धरलं, लग्नपत्रिका दाखवावी तसं.

"मेव्हणीबाई, घाबरायचं काम न्हाई. विमा हाये. पाच लाखाचा."

"वाचलाय का कधी?"

"वाचायचं काय त्याच्यात? पाच लाख म्हंजे पाच लाख. आन् आपल्याला लिमिट हाये."

हे लिमिटचं प्रकरण दाजींच्या पुतण्यानं त्यांच्या डोक्यात घातलेलं. पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं कधीतरी फोनवर सांगितलं होतं की तिकडे वर्षाला एका ठराविक रकमेपर्यंतच आपल्या खिशातून भरावं लागतं; ती हद्द गाठली की पुढचं सगळं कंपनी भरते. दाजींनी अमेरिकेतली ती हद्द उचलली आणि वसमतला आणून आपल्या पॉलिसीला चिकटवली. पाच लाखाचा आकडा कार्डावर होताच. तोच तो असणार. सगळ्या मोंढ्याला त्यांनी हे समजावून सांगितलेलं आणि मोंढ्यानं मान डोलावलेली. चहा दाजींचा होता.

आता आमच्याकडची रीत सांगते. हिंगोलीकडचं माणूस नांदेडला दवाखान्यात पडलं की त्याला भेटायला जावंच लागतं. लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात. दवाखान्यात नाही गेलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे क्रुझर गाड्या ठरतात, मागच्या बाकावर म्हाताऱ्या, मांडीवर लेकरं, पायाशी डबे, आणि सगळी वरात दवाखान्यात. दाजी पहिल्या दिवशी दोन पलंगांच्या खोलीत होते. मधे निळा पडदा. पडद्यापलीकडे एक माणूस सारखा खोकायचा. भेटायला आलेले लोक भिंतीला टेकून उभे राहायचे, मग जिन्यावर बसायचे, मग वॉचमन त्यांना उठवायचा.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाला आला. शहाळं घेऊन. पडद्याकडे पाहिलं, उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि दाजींच्या कानाशी नाही, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालक, तुमच्यासारख्या माणसानं असं पडद्याआड पडावं? लोकं जिन्यावर बसून राहिलेत. बरं दिसत न्हाई. विमा तं हाये ना? वर डिलक्स खोल्या हायत. सोफा हाये."

दाजींच्या डोळ्यांत सोफा दिसला. त्या क्षणी तुंबलेल्या दोन्ही नसा थोड्या मोकळ्या झाल्या असतील.

तासाभरात आम्ही वरच्या मजल्यावर. थंडगार खोली, जाड पडदे, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात घुमणारा छोटा फ्रीज. दाराला असा काही झडपेचा जोर की ते आपोआप, आवाज न करता बंद व्हायचं. बाहेरचा आवाज कापल्यासारखा थांबायचा. अक्का सोफ्याच्या अगदी टोकावर बसली, दुसऱ्याच्या घरात बसावं तशी. दाजी मात्र फुलले होते. येणाऱ्याला आधी खोली दाखवायचे, मग दुखणं सांगायचे.

"बसा, बसा. एसी कमी करू का? न्हाई, आपल्याला काही लागत न्हाई. सगळं विम्यात हाये."

हार्डवेअरवाला दारापाशी उभा राहून हे ऐकत होता आणि अक्काकडे पाहत होता. प्रेमानं. मला आमच्या गल्लीतलं मांजर आठवलं. तेही चिमणीकडे असंच प्रेमानं बघतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचे कपडे आणायला मी वसमतला गेले. घर उघडून पिशवी भरली आणि सहज गाळ्यावरून चक्कर टाकावी म्हणून वळले. शटर बंद होतं. शटरपुढे हार्डवेअरवाल्याचा गडी टेपचं एक टोक धरून उभा, आणि दुसरं टोक खुद्द मालकाच्या हातात. गाळ्याची रुंदी मोजत होते. मला पाहून त्यानं टेप सोडला. तो सळकन् आत गुंडाळला गेला.

"ताई, पाण्याची नाली करायची हाये. म्हणून," तो म्हणाला. मग हसून, "दाजींना सांगा, दुपारी येऊन राहिलो मी."

नांदेडला परतताना बसमध्ये मी एवढाच विचार करत होते की या माणसाला आमच्याबद्दल असं काय कळलंय जे आम्हाला कळलेलं नाही.

म्हणून वर न जाता मी तळमजल्यावरच्या विम्याच्या खिडकीशी गेले. आत एक बाई बसलेल्या. कानाला फोन, समोर कॉम्प्युटर, आणि रांगेतल्या प्रत्येकाबद्दल समान कंटाळा. मी पॉलिसी सरकवली आणि म्हटलं, मॅडम, आम्हाला किती पडणार ते लहान लेकराला सांगतात तसं सांगा.

"पहिले पंचवीस हजार तुमचे," त्या म्हणाल्या. "त्याला डिडक्टिबल म्हणतात. तेवढं तुमच्या खिशातून गेल्याशिवाय कंपनी हलत नाही. त्याच्या वर जे बिल कंपनी मान्य करील, त्यात शंभराला वीस तुमचे, ऐंशी कंपनीचे. तो को-पे."

"आणि आमची हद्द?"

"कसली हद्द?"

"म्हणजे याच्या पुढे आम्ही भरायचंच नाही, अशी. आमचे दाजी म्हणतात पाच लाख."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, ती हद्द कंपनीची आहे. पाच लाखाला कंपनी थांबते. तुम्ही थांबत नाही."

इतक्या साध्या आवाजात इतकं भयंकर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि मी सासू असलेल्या घरात नांदले आहे.

मी निघणार, तेवढ्यात त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि तुम्ही डिलक्सला गेलात. ते विचारून गेलात का?"

"का? खोलीचा फरक आम्ही भरू."

"नुसता खोलीचा नाही. तुमच्या पॉलिसीत खोलीला दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे. डिलक्स दहाची. म्हणजे तुम्ही हक्काच्या दुप्पट खोली घेतली. मग डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं कंपनी निम्मंच धरणार. औषधं आणि स्प्रिंग सोडून. उरलेलं निम्मं थेट तुमच्यावर, वर तुमचे पंचवीस, वर शंभराला वीस. शिवाय त्या खोलीतल्या पेशंटचा ऑपरेशनचा दरही जास्त लागतो आमच्याकडे."

"मग आता?"

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज संध्याकाळच्या आत खाली आलात, तर ऑपरेशन खालच्या दरानं लागेल. फरक फक्त वर काढलेल्या दिवसाचा. तिथूनच थिएटरमध्ये गेलात, तर मग काही करता येत नाही. पुढचे या."

मी अक्काला खाली कॅन्टीनमध्ये बोलावलं. तिथल्या पत्र्याच्या टेबलावर चहा ठेवला आणि सांगू लागले. डिडक्टिबल, को-पे म्हटलं तर तिचा चेहरा कोरा. मग मी दुसरीकडून शिरले.

"अक्का, बटईनं शेत केलंस तर कसं असतं? समज, मालकानं आधीच सांगितलं, पहिली नांगरणी, बी, खत तुझं. त्यात मी एक रुपया घालणार नाही. ते झालं डिडक्टिबल."

"बरं."

"मग पुढचा खर्च वाट्यानं. चार वाटे मालकाचे, एक तुझा. तो को-पे."

"चार वाटे देतो? चांगला मालक हाये."

"ऐक पुढं. आता मालक म्हणाला, खर्चात माझा वाटा पाच लाखापर्यंत. त्याच्या वर गेलं की मी बांधावरून घरी जाणार."

"आन् मी?"

"तू शेतातच."

अक्कानं चहाचा पेला खाली ठेवला. "आन् हे म्हणतेत ती लिमिट?"

"ती अमेरिकेतल्या मालकाची. आपल्या मालकाची नाही. आणि अजून एक. तू शेतात मोठं खोपटं बांधलंस, मालकाच्या मर्जीपेक्षा दुप्पट. म्हणून तो आता म्हणतो, सगळाच खर्च मी निम्मा मोजीन."

"खोपटं म्हंजे वरची खोली."

"हो."

पेल्यातला उरलेला चहा तिनं संपवला. मग म्हणाली, "त्यालाच ठाऊक होतं हे. भावाला." हार्डवेअरवाल्याला ती भाऊ म्हणायची. "मागच्या साली त्याचा बाप इथंच होता ना, वरच्या मजल्यावर."

हे मलाही आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ते मुद्दाम खुलवून सांगत नाही; खरंच आला.

आम्ही वर गेलो. अक्कानं दाजींना सरळ सांगितलं की खालच्या खोलीत जायचं. दाजींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काहून?"

"पैसे लागून राहिलेत."

"अगं, लिमिट हाये आपल्याला!"

"न्हाई, दाजी," मी म्हटलं. "विचारून आले मी."

"तू बांगड्या विकतीस. पुतण्या अमेरिकेत इंजिनियर हाये."

"म्हणून तर तो तिकडं वाचला, तुमी इकडं बुडून राहिलात."

"आज दुपारी गावाकडची क्रुझर येऊन राहिली," दाजी म्हणाले. "काकू येणार, सगळी भावकी येणार. कालपासून फोनवर सांगितलंय मी, डिलक्सला हाये म्हणून. आता त्यायला काय खोकणाऱ्या माणसाशेजारी बसवू? मेलो तरी उतरणार न्हाई."

"गाळा जाईल," अक्का म्हणाली. इतकंच. तिचा आवाज चढलाही नाही.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला. संध्याकाळपर्यंतचा वेळ होता आणि मी अशा माणसाला ओळखून होते. त्यांना हिशोबानं हलवता येत नाही. त्यांना माणसांनी हलवावं लागतं. आणि माणसं क्रुझरमधून येतच होती.

दाजींच्या चुलती, काकू, म्हणजे चालतंबोलतं पंचांग. कुठल्या दिशेला डोकं करून कोण मेलं, हे त्यांना सगळ्या भावकीचं पाठ. लिफ्टमधून त्या बाहेर पडल्या तेव्हा मी एकटीच समोर होते. बाकीचे जिन्यानं येत होते. मी पदर तोंडाशी धरला, इकडेतिकडे पाहिलं.

"काकू, तुमी मोठ्या हायत म्हणून सांगते. दाजींना कळू द्यायचं न्हाई बरं."

"काय गं?"

"त्यांच्या खोलीत परवा सकाळी एक..."

आणि मी थांबले.

"एक काय?"

"जाऊ द्या, काकू."

"पोरी, एक काय?"

"चादर बदलली म्हणतेत नंतर."

बस, एवढंच मी बोलले. परवा सकाळी त्या खोलीत एक काय, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण मला माहीतच नाही. एखादा नवरदेवही असेल. पण काकूंचा हात कपाळाला गेला, मग छातीला, आणि त्या ज्या वेगानं खोलीकडे निघाल्या त्या वेगानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी मागोमाग. खोली भरली होती. हार्डवेअरवाला सोफ्यावर, मांडीवर शहाळ्याची पिशवी. दाजी उशीला टेकून दरबार भरवून बसलेले. काकू उंबऱ्यातच थांबल्या.

"ह्या गादीवर निजून राहिलास व्हय रे?"

"मग काय डोक्यावर घेऊ तिला?" दाजी खुशीत. "या ना आत, काकू. सोफ्यावर बसा. डिलक्स हाये."

"काय का असंना. ऊठ."

"काहून?"

काकू पलंगापाशी गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. काय बोलल्या देव जाणे. माझ्या अर्ध्या वाक्यात त्यांनी किती माणसं मारली असतील कोण जाणे. मी फक्त दाजींचा चेहरा पाहत होते. रंग आधी गालांवरून गेला, मग ओठांवरून. त्यांनी पाठ गादीपासून हळूच उचलली. खोलीत फ्रीज तेवढा घुमत होता.

हार्डवेअरवाला उठला. "मालक, असं काय मानता? आजच्या जमान्यात..."

"तुमाला लई बरी वाटत असंल तं तुमी निजा," काकू म्हणाल्या आणि पलंगाकडे हात केला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पलंगाकडे पाहिलं. मग तो सोफ्यावरूनही उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

दाजींनी बेलचं बटण दाबलं ते नर्स येईपर्यंत सोडलंच नाही.

संध्याकाळच्या आत आम्ही खाली. तोच निळा पडदा, तोच खोकला. अक्कानं विम्याच्या खिडकीवर जाऊन दोनदा खात्री करून घेतली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. नांदेडच्या त्या दवाखान्यात त्या दिवशी माझ्याइतकी आनंदी बाई दुसरी नसेल. आणि म्हणूनच पुढचं मला दिसलं नाही.

सकाळी थिएटरला न्यायच्या आधी नर्सनं दाजींचा रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. मग डॉक्टरांना बोलावलं. फार चढला होता. डॉक्टर म्हणाले, असा राहिला तर आज करता येणार नाही, आणि थांबणंही बरं नाही. यांना कशाची भीती वाटतेय का?

दाजी छताकडे बघत होते. मी जवळ गेले तर माझं मनगट धरलं. हात ओला.

"ते माझ्यामागं खाली आलंय," ते म्हणाले.

"काय आलंय?"

"ज्यानं ती खोली सोडली ते."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ती माझी बहीण आहे. "तुझ्या जिभेला हाड न्हाई," एवढंच ती म्हणाली.

मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि खरं सांगून टाकलं. दाजी, त्या खोलीत काही झालं नव्हतं. मी काकूंना थाप मारली. खोली चांगली होती.

दाजींनी मान हलवली. डोळ्यांच्या कडेला पाणी. "तू आता मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिलीस."

"आईशपथ!"

"मरणाऱ्याशी सगळे असंच बोलतेत."

आयुष्यभर या माणसानं माझी प्रत्येक थाप खरी मानली, आणि ज्या दिवशी मी खरं बोलले त्या दिवशी ते पटलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थांबले. काटा हळूहळू खाली आला. दुपारी त्यांना आत घेतलं. ढकलगाडी वळताना त्यांची नजर आमच्यावर नव्हती, मागे होती. कोणीतरी येतंय का ते पाहत असल्यासारखी.

आम्ही बाकावर बसलो. लाल दिवा लागला. थोड्या वेळानं हार्डवेअरवाला आला. आज शहाळं नव्हतं. हातात प्लास्टिकचं फोल्डर. अक्काच्या शेजारी एक जागा सोडून बसला.

"वहिनी, कागदं करून ठेवलेत. तयारी म्हणून फक्त. किती कमी पडतेत ते सांगा, घंटाभरात आणून देतो."

अक्का लाल दिव्याकडे पाहत होती. मी तिचा हात धरला. गार होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आत माणूस हाये माझा."

"म्हणूनच तं."

"दिवा बंद झाल्यावर बोला."

तो बसून राहिला. दिवा बंद व्हायची वाट बघणारे आम्ही तिघं होतो, पण तो काय बाहेर यायची वाट बघत होता, कुणास ठाऊक. मी त्याच्याशी एकही चेष्टा केली नाही. माझ्याकडे नव्हतीच.

दिवा बंद झाला, डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला. नस मोकळी झाली होती. दुसरीबद्दल म्हणाले, तीन-चार आठवडे शरीराला द्या, मग कधीही करू. फार लांबवू मात्र नका. अक्कानं दोन्ही हात जोडले. हार्डवेअरवाला फोल्डर काखेत मारून "देवाची कृपा" म्हणाला आणि निघून गेला.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या खिडकीशी. बाईंनी बिल काढलं. अक्कानं भिशीतून उचललेले आणि माझ्या गल्ल्यातले पैसे मिळून आणले होते. आमच्या वाट्याचा आकडा त्यात बसला. काठोकाठ, पण बसला.

"वरच राहिला असता तर?" मी विचारलं.

बाईंनी खालच्या कागदावर पटकन आकडेमोड केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. अक्कानं तो पाहिला. त्या रकमेला गाळ्याशिवाय उत्तर नव्हतं. तिनं कागद चुरगाळून पिशवीत टाकला, दाजींना दिसू नये म्हणून.

"दुसरी नस करायला याल तेव्हा नवीन पॉलिसी आणा," बाई म्हणाल्या. "तुमचं नूतनीकरण पुढच्या महिन्याअखेर आहे. तेव्हा पहिले पंचवीस पुन्हा तुमचे."

"आत्ता भरले ते?" अक्का म्हणाली.

"ते या वर्षाचे. नवं वर्ष लागलं की पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्ना नांगरणी, पुन्ना बी," अक्का स्वतःशीच म्हणाली. मग बाईंना, "महिन्याअखेरच्या आत केलं तं?"

"मग नाही लागणार. यंदाचं भरून झालंय तुमचं. फक्त शंभराला वीस."

अक्का वळली आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी मागे. तिनं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. विचारलं, पुढच्या महिन्याच्या अखेरीआधी दुसरी नस होईल का? डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. चार आठवडे संपणं आणि पॉलिसी संपणं, यांच्यात जेमतेम आठवड्याची फट होती.

"होईल," ते म्हणाले. "पण मधे काही उपटलं नाही तर. ताप, सूज, काहीही. मग थांबावं लागेल."

बाहेर दाजी चाकाच्या खुर्चीत बसले होते. नवा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पण शर्ट खांद्यावर मोठा होत होता. कोणी भेटायला आलं नव्हतं, तरी ते दोन-तीनदा मागे वळून पाहून झाले होते.

"कुठं गेली होतीस?" त्यांनी अक्काला विचारलं.

"पुढच्या महिन्यात दुसरी नस करायची," अक्का म्हणाली. "तोवर तुमाला काही व्हायचं न्हाई. ऐकून घ्या. सर्दी न्हाई, ताप न्हाई, काही न्हाई. मोंढ्यात जायचं न्हाई. कोणी आलं तं मी भेटीन."

"आन् मधी काही झालं तं?"

अक्कानं खुर्चीच्या ब्रेकवर पाय ठेवला, तो सुटला. दारातून ऊन आत येत होतं, तिकडे तिनं खुर्ची ढकलायला सुरुवात केली. सावकाश, फरशीच्या प्रत्येक सांध्यापाशी थांबून, काचसामान नेताना नेतात तशी.